‘राष्ट्रीय’ दैनिक कोणाला म्हणावे?

शेअर बाजारात नोंदणी झालेल्या कंपनीने आपले आर्थिक निकाल वर्तमानपत्रांत कसे प्रसिद्ध करावेत, यासाठी ‘सेबी’ या भांडवली बाजाराच्या नियामक संस्थेने २०१५ मध्ये जी नियमावली केली, तिची शब्दयोजना उद्बोधक आहे. जाहिरात निदान एका इंग्रजी भाषेतील राष्ट्रीय दैनिकात, म्हणजे सगळ्या किंवा जवळजवळ सगळ्या भारतात जाणाऱ्या दैनिकात, द्यावी आणि कंपनीचे नोंदणीकृत कार्यालय जिथे असेल तिथल्या प्रदेशाच्या भाषेतील एका दैनिकातही द्यावी, असे ती सांगते. नियम करणाऱ्यांच्या मनात काही खोट होती असे मुळीच नाही. समाजात रूढ असलेला समज त्यांनी जसाच्या तसा कायद्याच्या भाषेत उतरवला, इतकेच. दैनिक इंग्रजी असेल तर ते राष्ट्राचे. मराठी, तेलुगू किंवा बंगाली असेल तर ते प्रदेशाचे. भांडवल उभारणीच्या जाहिरातींसंबंधी जी दुसरी नियमावली आहे, तिच्यात हिंदी दैनिकालाही राष्ट्रीय म्हटलेले आहे. मराठीच्या वाट्याला मात्र कंपनीच्या कार्यालयाचा पत्ता महाराष्ट्रातला असेल तरच जाहिरात येते.

हा प्रश्न जाहिरातींच्या उत्पन्नापुरता असता तर तो मालकांनी आणि त्यांच्या संघटनांनी सोडवावा असे म्हणून पुढे जाता आले असते. पण ‘राष्ट्रीय’ या विशेषणाबरोबर काही गृहीतके येतात. देशाचे धोरण, परराष्ट्र व्यवहार, अर्थसंकल्प, सर्वोच्च न्यायालय हे विषय राष्ट्रीय दैनिकाचे. पाणी, ऊस, एसटी, जिल्हा परिषद हे विषय प्रादेशिक दैनिकाचे, अशी एक वाटणी त्यातून झाली आहे आणि ती दोन्ही बाजूंनी मुकाट्याने मान्य केलेली आहे. मला ही वाटणी चुकीची वाटते. त्याचबरोबर, मराठी वर्तमानपत्रांवर अन्याय झाला अशी जी तक्रार आपल्याकडे अधूनमधून ऐकू येते, तीही मला अर्धीच खरी वाटते. दैनिकाचे राष्ट्रीय असणे हा मान नसून ते एक काम आहे. इंग्रजी दैनिकांना मान वारशाने मिळाला आणि काम ती निम्मेशिम्मे करतात. मराठी दैनिकांनी मान मिळाला नाही म्हणून कुरकुर केली, पण कामही हळूहळू खाली ठेवले.

इतिहास पाहिला तर ही वाटणी मुळात नव्हतीच असे दिसते. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत ‘दर्पण’ सुरू केले, तेव्हा त्याच्या पानावर एक स्तंभ मराठीचा आणि शेजारी एक स्तंभ इंग्रजीचा होता. एतद्देशीयांनी विलायती विद्येचा अभ्यास करावा आणि आपल्या देशाच्या स्थितीविषयी मोकळा विचार करावा, हा हेतू त्यामागे होता. दोन भाषांच्या वाचकांना एकाच पानावर आणण्याचा हा प्रयत्न १८४० मध्ये ‘दर्पण’ बंद पडले तेव्हा थांबला. याउलट, ३ नोव्हेंबर १८३८ रोजी निघालेल्या ‘बॉम्बे टाइम्स अँड जर्नल ऑफ कॉमर्स’चे नावच सांगते की ते एका बंदराच्या व्यापाऱ्यांचे पत्र होते. जहाजांच्या वेळा, कापसाचे भाव आणि कंपनी सरकारच्या हुकुमांत रस असलेला मूठभर वर्ग हा त्याचा वाचक होता. १८६१ मध्ये रॉबर्ट नाइट यांनी त्याचे नाव ‘टाइम्स ऑफ इंडिया’ असे केले. सगळा इंडिया नावात आला तो असा, नगराच्या पत्राला नवी पाटी लावून. ही काही निंदा नव्हे. इंग्लंडमध्ये ‘मँचेस्टर गार्डियन’ने १९५९ मध्ये आपल्या नावातून मँचेस्टर काढून टाकले आणि पाचेक वर्षांत आपले मुख्य ठाणेही लंडनला हलवले. जर्मनीत मात्र देशभर वाचले जाणारे म्युनिकचे दैनिक आजही स्वतःला ‘दक्षिण जर्मन वर्तमानपत्र’ असेच म्हणवते आणि त्याने त्याची पत काही कमी होत नाही. दैनिकाच्या नावातला प्रदेश आणि त्याची पोहोच यांचा संबंध वाटतो तितका घट्ट नाही.

‘हिंदू’ची जन्मकथा या संदर्भात सांगण्यासारखी आहे. मद्रास उच्च न्यायालयात टी. मुथुस्वामी अय्यर या भारतीयाची न्यायाधीश म्हणून नेमणूक झाली आणि गोऱ्यांच्या मालकीच्या पत्रांनी तिच्याविरुद्ध ओरड केली. तिला उत्तर देण्यासाठी दोन शिक्षक आणि कायद्याचे चार विद्यार्थी अशा सहा तरुणांनी २० सप्टेंबर १८७८ रोजी हे साप्ताहिक काढले. उसने घेतलेले एक रुपया बारा आणे आणि छापलेल्या ८० प्रती, एवढाच पहिला संसार होता. एका शहरातल्या एका नेमणुकीचा हा वाद होता. पण त्यातला प्रश्न, म्हणजे या देशातला माणूस न्यायासनावर बसायला लायक आहे की नाही, हा सगळ्या देशाचा होता. स्थानिक घटनेच्या पोटात असलेला सार्वदेशिक प्रश्न ओळखणे हे राष्ट्रीय दैनिकाचे पहिले काम आहे, आणि त्यासाठी राजधानीत असावे लागत नाही.

त्याच वर्षी व्हाइसरॉय लिटनने देशी भाषांतील पत्रांना वेसण घालणारा कायदा केला. जिल्हाधिकाऱ्याने मुचलका मागावा, मजकूर आवडला नाही तर छापखाना जप्त करावा आणि त्याविरुद्ध न्यायालयात दाद नसावी, अशी त्याची रचना होती. इंग्रजी पत्रांना तो लागू नव्हता. ‘अमृत बाजार पत्रिका’ने त्याला बगल दिली ती रातोरात बंगालीतून इंग्रजीत जाऊन. या युक्तीचे आपण कौतुक करतो आणि ते योग्यच आहे; पण सरकारचा हिशेब काय होता हेही त्यातून कळते. सरकारला भय इंग्रजी वाचणाऱ्या वकिलांचे नव्हते, तर गावच्या पारावर एकाने वाचावे आणि दहांनी ऐकावे अशा पत्राचे होते. १८८१ च्या जानेवारीत पुण्याहून एका पाठोपाठ ‘मराठा’ इंग्रजीत आणि ‘केसरी’ मराठीत निघाले, तेव्हा एकाच मंडळींनी दोन भाषांत दोन कामे वाटून घेतली होती. सत्तावीस वर्षांनी राजद्रोहाचा जो मोठा खटला झाला तो ‘केसरी’तल्या मराठी लेखांवर. टिळकांनी न्यायालयात जो दीर्घ बचाव केला, त्याचा एक मोठा भाग सरकारी भाषांतर कसे चुकीचे आहे हे दाखवण्यात गेला. नऊ जणांच्या ज्युरीत सात युरोपीय आणि दोन पारशी होते, आणि सात विरुद्ध दोन अशा मताने त्यांना दोषी ठरवले गेले. जुलै १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा झाली आणि मुंबईच्या गिरण्या सहा दिवस बंद पडल्या. पुण्याहून निघणाऱ्या एका मराठी साप्ताहिकाने सगळ्या देशाला राजद्रोह या शब्दाचा अर्थ विचार करायला लावला होता. त्याला प्रादेशिक म्हणण्याची कोणाची छाती झाली नसती.

तरीही ‘केसरी’चे राष्ट्र सगळ्यांचे होते काय, हा प्रश्न टाळता येत नाही. ३१ जानेवारी १९२० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘मूकनायक’ सुरू केले, तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ने नकार दिला होता. ही हकीकत बाबासाहेबांनीच पुढे ‘बहिष्कृत भारत’मध्ये नोंदवलेली आहे. पत्राच्या नावातच त्यांनी मुके असा उल्लेख का केला असेल, हे त्या नकारावरून समजते. राष्ट्राच्या नावाने बोलणाऱ्या पत्राने राष्ट्रात कोणाला धरले आणि कोणाला सोडले, हा हिशेब भाषेच्या हिशेबापेक्षा जुना आणि अवघड आहे. मराठी पत्रे इंग्रजी पत्रांकडून मान मागतात तेव्हा त्यांनी हे प्रकरण आठवणीत ठेवावे असे मला वाटते.

स्वातंत्र्यानंतर मात्र ‘राष्ट्रीय’ हा शब्द दिल्लीशी आणि इंग्रजीशी बांधला गेला. त्याची कारणे बरीचशी व्यवहारातली होती. भारताच्या आकाराच्या देशात एकाच सकाळी एकच दैनिक सर्वत्र पोहोचवणे छापखान्याच्या आणि आगगाडीच्या जोरावर शक्यच नव्हते. लंडनची पत्रे पहाटेच्या गाड्यांनी नाश्त्याच्या वेळेपर्यंत बहुतेक इंग्लंडभर पोहोचत. मुंबईहून निघालेली डाक आवृत्ती नागपूरला पोहोचेपर्यंत तिच्यातल्या बातम्या शिळ्या झालेल्या असत. ‘हिंदू’ने १९६३ मध्ये स्वतःची विमाने ठेवून अंक पाठवले आणि १९६९ मध्ये पानाची प्रतिकृती दूरवर पाठवून दुसऱ्या शहरात छापायला सुरुवात केली. अशा खटपटी परवडत त्यांनाच, ज्यांचा वाचक देशभर विखुरलेला होता आणि विखुरलेला असूनही जाहिरातदाराला हवा होता. हा वाचक म्हणजे बदलीवर हिंडणारा अधिकारी, बँकेतला व्यवस्थापक, कंपनीचा विक्री प्रतिनिधी, महाविद्यालयातला प्राध्यापक. तो सगळ्या राज्यांत थोडा थोडा होता आणि त्याची भाषा इंग्रजी होती. म्हणजे राष्ट्रीय दैनिक हे देशभरातल्या एका वर्गाचे दैनिक होते. मराठी दैनिक एका प्रदेशातल्या सगळ्या वर्गांचे होऊ पाहत होते. या दोहोंपैकी कोणते अधिक राष्ट्रीय, हा वादाचा विषय आहे. पण एकाला ते विशेषण आपोआप मिळावे आणि दुसऱ्याला मिळू नये याला तर्काचा आधार नाही. बेळगावचा ‘तरुण भारत’ १९१९ मध्ये बाबूराव ठाकुरांनी काढला. कर्नाटक, गोवा आणि महाराष्ट्र अशा तीन राज्यांत तो वाचला जातो, आणि त्याची गणना आपण प्रादेशिकातच करतो.

प्रादेशिक म्हटल्या जाणाऱ्या दैनिकाने सगळ्या देशाचा कायदा घडवल्याचे उदाहरण आपल्या अगदी घरचे आहे आणि तरी मराठी वाचकांना ते फारसे माहीत नसते. १९५६ मध्ये केंद्र सरकारने वर्तमानपत्रांची किंमत आणि पानांची संख्या यांची सांगड घालणारा कायदा केला आणि १९६० मध्ये त्याखाली आदेश काढला. अमुक किमतीला अमुकच पाने देता येतील. जास्त पाने हवीत तर किंमत वाढवा, असा त्याचा आशय होता. हेतू वाईट नव्हता. मोठ्या साखळी पत्रांनी कमी किमतीत जाडजूड अंक देऊन छोट्या पत्रांचा गळा घोटू नये, अशी शिफारस पहिल्या वृत्तपत्र आयोगाने केलेली होती. पण या आदेशाचा फटका बसला तो पुण्याच्या ‘सकाळ’ला. नानासाहेब परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी काढलेले हे दैनिक त्या वेळी रविवार सोडून इतर दिवशी सुमारे ५२ हजार प्रती आणि ७ नवे पैसे किंमत असलेले होते. मोठी साखळी म्हणावी असे त्यात काही नव्हते. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९६१ मध्ये न्यायमूर्ती मुधोळकरांनी लिहिलेल्या निकालाने तो कायदा आणि आदेश दोन्ही रद्द ठरवले. व्यापाराच्या स्वातंत्र्यावर सार्वजनिक हितासाठी बंधने घालता येतात, पण भाषणस्वातंत्र्यावर त्या कारणासाठी घालता येत नाहीत. पत्राचा खप कमी करणे म्हणजे त्याचा आवाज कमी करणे, हे तत्त्व त्या निकालात आहे. आज देशातले कोणतेही दैनिक, मग ते कितीही राष्ट्रीय असो, सरकारशी न्यायालयात भांडते तेव्हा पुण्याच्या या मराठी दैनिकाच्या नावाचा आधार घेते.

या गोष्टीला एक दुसरी बाजूही आहे, आणि तिच्यावर थोडे थांबणे जरूर आहे. किंमत आणि पाने यांवर बंधन घालता येणार नाही असे एकदा ठरल्यावर मोठ्या समूहांना वाट मोकळी झाली. १९७२ मध्ये न्यूजप्रिंटच्या धोरणावरून ‘टाइम्स’ची मालक कंपनी न्यायालयात जिंकली, त्या वेळी न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी भिन्नमत नोंदवून असे सुचवले की स्वातंत्र्य छापणाऱ्याचे असते तसे वाचणाऱ्याचेही असते, आणि बाजारात दोनचारच आवाज उरले तर वाचकाच्या स्वातंत्र्याला काही अर्थ राहत नाही. ते मत अल्पमतात राहिले. पुढे १९९४ मध्ये दिल्लीत एका मोठ्या इंग्रजी दैनिकाने अंकाची किंमत दीड रुपयावर आणली, तेव्हा कागदाचा खर्चही त्यातून निघत नव्हता. उरलेला खर्च जाहिरातींनी भरायचा होता. त्या किमतीच्या लढाईत छोटी दैनिके दमली, काही मोडली. ‘सकाळ’ने जिंकलेले स्वातंत्र्य अशा रीतीने ज्यांना ‘सकाळ’सारख्या पत्रांची गरज नव्हती त्यांच्या कामी आले. निकाल चुकला असे मी म्हणत नाही; सरकारच्या हाती पाने मोजण्याचा अधिकार राहिला असता तर आणीबाणीत काय झाले असते याची कल्पना करवत नाही. पण वाचकाने अंकाची खरी किंमत देण्याचे थांबवले त्या दिवसापासून दैनिकाचा धनी बदलला. वाचक गिऱ्हाईक राहिला नाही, तो जाहिरातदाराला विकायचा माल झाला. इंग्रजी वाचकाचा खिसा मोठा, म्हणून त्याच्यापुढे छापलेल्या जाहिरातीचा दर मोठा. मराठी दैनिकाचा वाचक संख्येने कितीतरी अधिक असूनही बाजारात त्याचे मोल कमी ठरले, आणि ‘राष्ट्रीय’ या शब्दाला रुपयांत मोजता येईल असा अर्थ आला.

आणीबाणीचा उल्लेख आलाच आहे. २५ जून १९७५ च्या रात्री दिल्लीतल्या बहादूर शाह जफर मार्गावरच्या छापखान्यांची वीज तोडण्यात आली आणि २८ जूनला ‘इंडियन एक्सप्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. ती कोरी जागा देशभर गाजली, आणि गाजायला हवीच होती. परंतु वृत्तसंस्थांचे काय झाले याकडे कमी लक्ष जाते. पीटीआय, यूएनआय आणि दोन भाषिक संस्था एकत्र करून १९७६ मध्ये ‘समाचार’ नावाची एकच संस्था बनवण्यात आली. १९७८ मध्ये ती मोडून पुन्हा जुनी घडी बसली. जिल्ह्याच्या दैनिकाला दिल्लीची, आसामची किंवा तमिळनाडूची बातमी याच नळातून मिळत असे, आणि नळ एकाच्या ताब्यात गेला की सगळ्या देशाला एकच पाणी मिळते. राष्ट्रीय दैनिकाचे महत्त्व इथे लक्षात येते. स्वतःचे बातमीदार देशभर ठेवण्याची ऐपत ज्यांना आहे, त्यांनाच या नळाला पर्याय देता येतो.

दूरवरच्या दैनिकाचा उपयोग काय, याचे मराठी माणसाला पटेल असे उदाहरण १९८१ चे आहे. महाराष्ट्राचे मुख्यमंत्री बॅ. अंतुले यांच्या प्रतिष्ठानांना मिळालेल्या देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा संबंध ऑगस्टच्या अखेरीस ‘इंडियन एक्सप्रेस’ने उघड केला. जानेवारी १९८२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती लेंटिन यांचा निकाल झाला आणि मुख्यमंत्र्यांना पायउतार व्हावे लागले. मंत्रालयात, साखर कारखान्यांत आणि बिल्डरांच्या कार्यालयांत याची कुजबूज आधीपासून नव्हती असे कोण म्हणेल? पण राज्यातच ज्याचा छापखाना, ज्याच्या जाहिराती, ज्याच्या जमिनीचे प्रस्ताव आणि ज्याच्या मालकाची उमेदवारी अडकलेली असते, त्याला काही गोष्टी दिसत असूनही लिहिता येत नाहीत. तिथे अंतर कामाला येते. हे अंतर राखणारे कोणीतरी हवेच.

मात्र अंतर पुरेसे नसते. हरियाणातल्या सिरसा येथे ‘पूरा सच’ नावाचे छोटेसे हिंदी सायंदैनिक होते. डेरा सच्चा सौदा या धार्मिक पंथाच्या प्रमुखावर लैंगिक अत्याचाराचा आरोप करणारे एका साध्वीचे निनावी पत्र २००२ मध्ये त्याचे संपादक रामचंद्र छत्रपती यांनी छापले. त्याच वर्षी त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि नोव्हेंबरमध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्या खुनाबद्दल डेराप्रमुखाला जन्मठेप झाली ती २०१९ मध्ये. दरम्यान सतरा वर्षे गेली. राजधानीतल्या दैनिकांनी ते पत्र पहिल्या दिवसापासून लावून धरले असते तर काय झाले असते हे सांगता येणार नाही, पण सिरशातल्या एका माणसाला एकट्याने ते ओझे वाहावे लागले नसते, एवढे नक्की. माझ्या म्हणण्याचा गाभा इथे आहे. बातमी जमिनीवर सापडते, आणि तिथे ती सापडणारा माणूस सगळ्यात असुरक्षित असतो. ती त्याच्या हातून उचलून दुसऱ्या टोकाच्या वाचकाच्या काळजीचा विषय बनवणे हेच राष्ट्रीय दैनिकाचे काम आहे. हे काम इंग्रजीतून करता येते, हिंदीतून करता येते, मराठीतूनही करता येते.

मग मराठी दैनिके ते करतात का? इथे आपल्याच घरात पाहावे लागते. आंध्रात ‘ईनाडु’ १९७४ मध्ये विशाखापट्टणमहून निघाले आणि पुढे त्याने जिल्हावार पाने आणि पुरवण्या यांचा जो मार्ग घालून दिला, तो यथावकाश सगळ्या भारतीय भाषांनी स्वीकारला. त्याचा फायदा मोठा होता. ज्या तालुक्याचे नाव कधी छापून येत नसे तिथली ग्रामसभा, तिथला बंधारा, तिथला निकाल छापून येऊ लागला. नव्याने वाचायला शिकलेल्या माणसाला वर्तमानपत्रात आपले गाव सापडले. खप वाढला तो याच वाटेने. पण याची दुसरी किंमत आपण मोजली नाही. आज एखाद्या मोठ्या मराठी दैनिकाचे एकाच तारखेचे कोल्हापूर आणि चंद्रपूर येथले दोन अंक शेजारी ठेवून पाहावेत. नाव एक, अग्रलेख बहुधा एक, आणि बाकी पाने वेगळी. चंद्रपूरच्या खाणींचे प्रदूषण कोल्हापूरच्या वाचकाला कळत नाही, आणि पंचगंगेचे कोल्हापूरकरांपलीकडे कोणाला देणेघेणे उरत नाही. नंदुरबारमधल्या कुपोषित मुलाची बातमी नंदुरबार आवृत्तीत येते, म्हणजे ज्यांना ती आधीच ठाऊक आहे त्यांच्यातच ती फिरते आणि ज्याने उत्तर द्यायचे त्या मुंबईच्या वाचकापर्यंत जात नाही. बातमी छापली गेली, तक्रारीला जागा नाही, आणि काहीही घडत नाही. राष्ट्र तर दूरच, महाराष्ट्रदेखील एकत्र वाचत नाही अशी ही अवस्था आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आचार्य अत्र्यांचा ‘मराठा’ ज्या राज्याला एका सुरात बोलायला लावत होता, त्याच राज्याच्या दैनिकांनी स्वतःची इतकी शकले करावीत याचे नवल वाटते.

जिल्हा आवृत्तीबरोबर जिल्ह्याचे अर्थकारणही आले. तालुक्याच्या वार्ताहराला बहुतेक ठिकाणी पगार नसतो. मानधन तुटपुंजे, आणि नेत्याच्या वाढदिवसाची पुरवणी, संस्थेच्या वर्धापनदिनाचे पान, सणासुदीच्या शुभेच्छा मिळवून आणण्याची जबाबदारी त्याच्याच गळ्यात. ज्याच्याकडून सकाळी जाहिरात आणायची त्याच्याविरुद्ध संध्याकाळी बातमी द्यायची, ही अपेक्षा संपादक मंडळी शहरात बसून करतात. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या बड्या दैनिकांत एकाच नेत्याची स्तुती करणारे, शब्दाशब्दाने सारखे लेख वेगवेगळ्या नावांनी प्रसिद्ध झाले, आणि पैसे देऊन छापलेल्या बातम्यांचा विषय देशापुढे आला. तो आणला पत्रकार पी. साईनाथ यांनी, ‘हिंदू’मधून, म्हणजे मद्रासच्या एका इंग्रजी दैनिकातून. २०१० मध्ये प्रेस कौन्सिलच्या उपसमितीने त्यावर अहवाल तयार केला. आपल्या बातमीचा सौदा आपल्याच भाषेतल्या एखाद्या दैनिकाने धसास लावला असता तर मला अधिक अभिमान वाटला असता. त्या महिन्यांत मराठीत शांतता होती.

इंग्रजी दैनिकांना यातून मोकळीक मिळते असे नाही. त्यांची देशभरची पाने बहुतांशी दिल्लीतली असतात, आणि दिल्लीबाहेरचा देश पूर, दंगल आणि निवडणूक या तीन निमित्तांनी त्यांत शिरतो. मराठवाड्यातल्या दुष्काळाची बातमी तिथे जाते ती लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले तेव्हा, जसे २०१६ मध्ये झाले. त्याआधीची तीन वर्षे ती बातमी नसते. भाषिक दैनिकांतून रोज येणारा प्रचंड मजकूर वाचून त्यातला देशाच्या कामाचा भाग निवडण्याची व्यवस्था एकाही इंग्रजी दैनिकाने नेटाने उभी केल्याचे दिसत नाही. दोन भाषांमधला रस्ता एकेरी आहे. इंग्रजीतले लेख अनुवादित होऊन मराठीत येतात, संपादकीय पानावर सन्मानाने बसतात. मराठीतला लेख इंग्रजीत जाणे हा अपवाद. आणि तेलुगूतून मराठीत, मराठीतून कन्नडात? तो रस्ताच बांधलेला नाही. हैदराबादला किंवा बेंगळुरूला स्वतःचा बातमीदार ठेवण्यापेक्षा दिल्लीत आणखी एक प्रतिनिधी ठेवणे मराठी दैनिकांना पसंत असते, कारण दिल्लीतल्या प्रतिनिधीचा मालकालाही उपयोग असतो.

याचा परिणाम दर पावसाळ्यात दिसतो. कृष्णेचे पाणी महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र या चार राज्यांतून वाहते. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणातला साठा ५१९.६ मीटरवरून ५२४.२५६ मीटरपर्यंत वाढवण्याचा प्रश्न लवादापुढे आणि न्यायालयात वर्षानुवर्षे आहे. २०१९ मध्ये सांगली आणि कोल्हापूर बुडाले तेव्हा मराठी दैनिकांत अलमट्टी हा शब्द शापासारखा छापला जात होता. धरणाचे दरवाजे किती, विसर्ग किती, कर्नाटक पाणी कधी सोडणार, हे आपल्या बाजूने रोज आले. विजापूर आणि बागलकोट जिल्ह्यांत त्या धरणासाठी किती गावे उठली, तिथल्या शेतकऱ्याला वाढीव साठ्याची वाट का पाहावी लागते, याविषयी मराठी वाचकाला काय माहीत झाले? आणि सांगलीच्या बाजारपेठेत दुकानांच्या माळ्यांपर्यंत पाणी चढले तेव्हा त्याचे वर्णन कन्नड वाचकाने कोणत्या पानावर वाचले? इंग्रजी दैनिकाच्या बेंगळुरू आवृत्तीत कर्नाटकाची बाजू होती आणि पुणे आवृत्तीत महाराष्ट्राची, एकाच नावाखाली, एकाच दिवशी. एका नदीचे दोन वेगवेगळे पूर दोन वाचकांनी वाचले. सांगलीच्या मराठी दैनिकाने एक बातमीदार आठवडाभर बागलकोटला ठेवला आणि तिथल्या कन्नड दैनिकाने एक माणूस सांगलीला पाठवला, तर त्यांचा खर्च एखाद्या वाढदिवसाच्या पुरवणीत भरून निघेल. पुढचा पावसाळा येण्याआधी हे करता येण्यासारखे आहे, आणि त्यासाठी ‘सेबी’च्या नियमात दुरुस्ती होण्याची वाट पाहावी लागत नाही.